सात मिनिटांची 'ब्लुई', सोळा पानांचं पुस्तक: आवडत्या कार्टूनच्या सोबतीचं मराठी पुस्तक घरी कसं करावं

माझी भाची ब्रिस्बेनला वाढतेय. आता सहा वर्षांची आहे. व्हिडिओ कॉलवर 'आत्या' एवढं मराठीत म्हणते आणि पुढचं सगळं इंग्रजीत. चार वर्षांची असताना तिनं मला विचारलं होतं, "आत्या, ब्लुई मराठी बोलते का?" मी म्हटलं, बोलते. मग बोलणारी ब्लुई करून पाठवणं भाग होतं. त्याला दोन वर्षं झाली आणि पाच पुस्तकं झाली. त्यातलं पहिलं फसलं, दुसरं बरं झालं, तिसऱ्यापासून हात बसला. ज्यांच्या घरात मूल एका मालिकेत रमलंय आणि मराठी पुस्तकाला हात लावत नाही, त्यांच्यासाठी ही सगळी कृती पहिल्यापासून लिहितेय. मालिका कुठलीही चालेल. मी 'ब्लुई' धरून सांगते, कारण ती मला पाठ आहे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्रिस्बेनच्या लुडो स्टुडिओची ही मालिका, निर्माता जो ब्रम. 1 ऑक्टोबर 2018 ला ऑस्ट्रेलियाच्या एबीसी किड्स वाहिनीवर सुरू झाली. एक भाग साधारण सात मिनिटांचा. पहिल्या तीन मोसमांचे मिळून 154 भाग आहेत. ब्लुई ही हीलर जातीची कुत्री, म्हणजे ऑस्ट्रेलियात गुरं वळायला पाळतात ती जात. धाकटी बहीण बिंगो, बाबा बँडिट, आई चिली. जवळजवळ प्रत्येक भागात एक खेळ असतो, आणि मोठी माणसं तो खेळ मनापासून खेळतात. मला ही मालिका आवडते ती त्यासाठी.

तिची छापील पुस्तकं पेंग्विन रँडम हाऊस ऑस्ट्रेलियानं काढली. त्यातल्या 'द बीच' या पुस्तकाला 2020 च्या ऑस्ट्रेलियन बुक इंडस्ट्री अवॉर्ड्समध्ये वर्षाचं सर्वोत्कृष्ट पुस्तक म्हणून निवडलं, तेही सगळ्या प्रकारच्या पुस्तकांमधून. आपलं पुस्तक करायच्या आधी अशी एक-दोन पुस्तकं हातात घेऊन बघावीत. 'द बीच'ची गोष्ट एवढीच आहे: आई किनाऱ्यावर एकटी फिरायला जाते, ब्लुईला एक शिंपला सापडतो, आणि तो आईला दाखवायला ती एकटी निघते. एक मूल, एक वस्तू आणि मधलं अंतर. पुस्तकाला एवढं पुरतं. मी पहिल्या पुस्तकात अख्खा भाग, सगळे संवाद, सगळी पात्रं कोंबली होती. भाचीनं तीन पानं पाहिली आणि म्हणाली, "हे मला माहितीये." तिचं बरोबर होतं. जे पडद्यावर पाहून झालंय तेच पुन्हा सांगायला पुस्तक कशाला?

पडद्यावर वेळ मालिकेच्या हातात असतो. फुगा वर गेला की खाली येणारच, आपण काही केलं नाही तरी. पुस्तकात पान उलटल्याशिवाय फुगा खाली येत नाही. म्हणून मी आता एकच नियम पाळते: ज्याच्या हातात पान, त्याच्यावर राज्य. पुस्तक असं रचायचं की प्रत्येक पान उलटणं ही मुलाची खेळी झाली पाहिजे.

भाग निवडणं

ज्या भागात खेळाचे नियम एका वाक्यात सांगता येतात तो निवडा. 'कीपी अपी'मध्ये शेवटचा उरलेला फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही. 'शॅडोलँड्स'मध्ये फक्त सावलीवर पाय ठेवायचा, उन्हात मगरी. आपल्या ऊन-सावलीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. अगदी पहिल्या भागात, 'मॅजिक झायलोफोन'मध्ये, वाद्य वाजवलं की समोरचा जागच्या जागी थिजतो. हे तर आपलं 'स्टॅच्यू!'च झालं. हे तिन्ही भाग नवशिक्याला सोपे जातात.

'स्लीपीटाइम'च्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. बिंगोचं ते अंतराळातलं स्वप्न फार सुंदर आहे, पण त्यात बोलणं फारसं नाहीच. होल्स्ट या संगीतकाराच्या 'द प्लॅनेट्स' या रचनेतलं गुरू ग्रहाचं संगीत त्याचा सगळा भार वाहतं. ते कागदावर उतरवायला मोठा चित्रकार लागेल.

निवडलेला भाग तीनदा पाहा. पहिल्यांदा मुलासोबत, आणि तेव्हा पडद्याकडे न बघता मुलाकडे बघा. कुठे पुढे सरकून बसतं, कुठे ओरडतं, कुठे आपल्याकडे वळून बघतं, ते टिपून ठेवा. दुसऱ्यांदा एकट्यानं, आवाज बंद करून. नुसत्या चित्रांवरून काय कळतं ते लक्षात येतं. जे कळतं ते शब्दांत लिहायची गरज नसते. तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसता आवाज ऐका. एवढं केलं की वहीत सात-आठ जागा उरतात. तेवढ्याच ठेवा.

कागद आणि डमी

लिहायच्या आधी डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, करा. छापखान्यात पुस्तकाचा हिशेब फर्म्यात होतो: मोठा कागद छापून घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा. चित्रपुस्तकं बहुतेक 32 पानांची असतात, म्हणजे दोन फर्मे. आपण एकच फर्मा करू या.

ए-फोर आकाराचे चार कागद घ्या, मधोमध घडी घाला, एकात एक बसवा. सोळा पानं तयार. आता शिवायच्या आधीच पेन्सिलनं कोपऱ्यात पानांचे आकडे घाला, कारण चित्रं काढताना कागद सुटे करावे लागतात आणि सुट्या कागदावर पान 3 च्या शेजारी पान 14 दिसतं. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला 16 आणि 1, मागे 2 आणि 15. त्याच्या आतल्यावर 14 आणि 3, मागे 4 आणि 13. तिसऱ्यावर 12 आणि 5, मागे 6 आणि 11. सगळ्यात आतल्यावर 10 आणि 7, मागे 8 आणि 9. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी 17 येते. ती चुकली की कागद उलटा धरलाय समजा. कॉम्प्युटरवर छापणार असाल तरी हाच क्रम.

डमीला साधा झेरॉक्सचा कागद चालतो, खऱ्या पुस्तकाला नाही. 80 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाच्या) कागदावर मागचा रंग पुढे दिसतो. 120 च्या आसपासचा घ्या. त्याहून जाड घेतला तर घडीवर फुटतो आणि पुस्तक मिटत नाही. घडी घातल्यावर स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं दाबून घासली की धारदार बसते. मुखपृष्ठाला कार्डशीट.

उघडलेल्या पुस्तकात विषम आकडा नेहमी उजवीकडे येतो. हे घोकून ठेवा. प्रश्न, धोका, "आता काय?" हे सगळं उजव्या पानाच्या तळाशी. उत्तर पान उलटल्यावर, डावीकडे. समोरासमोरच्या पानांवर प्रश्न आणि उत्तर ठेवलं तर मुलाचे डोळे आधीच तिकडे जातात आणि खेळ संपतो.

लिहिणं

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि गेला पाहिजे.

इंग्रजी संवाद समोर ठेवून भाषांतर करू नका. भागाचा खेळ घ्या आणि तो आपल्या घरात आणा. 'कीपी अपी'वरून पुस्तक करताना मी विचार केला, आपल्या घरात फुगा वर ठेवायचा म्हटलं तर सगळ्यात मोठी भीती कसली? छताच्या पंख्याची. तो पंखा मूळ भागातला नाही, आमच्या पुण्याच्या घरातला आहे. भाची दर डिसेंबरात त्याच पंख्याखाली झोपते. पंखा आला आणि पुस्तक उभं राहिलं.

आधीचा खर्डा असा होता: "ब्लुईला एक फुगा सापडला आणि ती खूप आनंदी झाली." या वाक्याला मूल काय करणार? आनंदी झाली हे चित्रात दिसतंच. आता तिसऱ्या पानावर आहे:

"एकच फुगा उरला होता. लाल."

पुढच्या दोन पानांवर फक्त "टप्प! वर!" आणि "टप्प! आणखी वर!" मग सातव्या पानावर, उजवीकडे:

"बाबा उठला. बाबा हसला. बाबाचा हात हळूच गेला…"

पान उलटा.

"…पंख्याच्या बटणावर!"

इथे भाची दर वेळी किंचाळते. तिला पुढे काय आहे ते पाठ आहे, तरी. पुढच्या ओळीत "एकवर लावला" एवढंच आहे. ते एकवर पुढे दोनवर होणार हे तिला आपोआप कळतं.

आवाजाचे शब्द ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे, ती हात राखून वापरू नका. फुगा हलका असतो, म्हणून तो 'धप्पकन' पडत नाही, 'अलगद' येतो. फुटतो तेव्हा 'फट्'. वारा आला की 'भुर्रकन'. पण एका पानावर एकच आवाज ठेवा, दोन आले की दोन्ही विरतात. खेळातले शब्दही खरे खेळातले हवेत: राज्य, पाळी, आऊट, टॅम्प्लीज. माझ्या पुस्तकात बिंगो एकदा 'टॅम्प्लीज!' म्हणते आणि पाणी पिऊन येते. फुगा तोवर हवेत थांबतो. खेळाच्या कायद्यानं त्याला थांबावंच लागतं.

मूल नुकतं वाचायला लागलं असेल तर जोडाक्षरं मोजा. 'फुगा, वर, खाली, बाबा, लाल' हे शब्द ते स्वतः वाचू शकतं. 'उत्साहानं' आणि 'आश्चर्य' आपण वाचून दाखवायच्या पुस्तकात ठेवा. 'ब्लुई' या नावातच जोडाक्षर आहे, पण त्याची काळजी नको. ते नाव मूल आकारावरून ओळखतं, बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव ओळखतं तसं. एका पानावर पंधरा शब्दांच्या वर जाऊ नका. समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एकच चित्र असेल तर दोन्हींत मिळून पंधरा.

ती की तो, आजी की नाना, आणि ताई

हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण इथे मालिका खरोखर आपल्या घरची होते.

ब्लुई मुलगी आहे. निळा रंग बघून पुष्कळांना ती मुलगा वाटते, आणि इंग्रजीत हा गैरसमज बराच वेळ टिकू शकतो. मराठीत पहिल्याच क्रियापदाला ठरवावं लागतं: आला की आली. म्हणून लिहायच्या आधी प्रत्येक पात्राची यादी करा आणि समोर ती किंवा तो लिहा.

मग नाती. इंग्रजीत अंकल आणि आंट म्हटलं की भागतं. आपल्याला वंशावळ काढावी लागते. स्ट्राइप हा बँडिटचा भाऊ, म्हणजे ब्लुईचा काका, आणि त्याची बायको ट्रिक्सी काकू. त्यांच्या मुली मफिन आणि सॉक्स या चुलत बहिणी. ब्रँडी ही चिलीची बहीण, म्हणून मावशी. मालिकेत जिला नाना म्हणतात ती बँडिटची आई. मराठीत 'नाना' म्हटलं तर डोळ्यांसमोर धोतरातले आजोबा येतील. ती आजी. माझ्या भाचीला मी हे चित्र काढून समजावलं तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं, "मग तू बाबाची बहीण म्हणून आत्या का?" मला दुसरी बक्षिसी नको होती.

बिंगो ब्लुईला काय म्हणेल? इंग्रजीत नावानं हाक मारते. पण धाकटी मराठी बहीण 'ताई' म्हणेल. मी दोन्ही करून पाहिलं. सगळीकडे 'ताई' लिहिलं तर मुलाला ब्लुई सापडत नाही. म्हणून निवेदनात 'ब्लुई' ठेवलं आणि बिंगो घाबरते त्या एका जागी "ताई, फुगा!" लिहिलं. त्या एका 'ताई'नं ते पान उचललं जातं.

बाबाचं काय करायचं हा प्रत्येक घराचा प्रश्न आहे. आम्ही आमच्या वडिलांना 'अहो बाबा' म्हणायचो. भाची 'अरे बाबा' म्हणते. पहिल्यांदा मी "बाबा उठले" लिहिलं होतं. वहिनी वाचताना अडखळली आणि म्हणाली, "ताई, हे आमच्याकडचे बाबा वाटत नाहीत." तिचं ऐकलं. तुमच्या घरात जे चालतं तेच लिहा, पुस्तकासाठी वेगळा आदर आणू नका.

चित्रं

चित्रकला येत नाही म्हणून थांबू नका. ब्लुईच्या घरातले सगळे साधारण गोल कोपऱ्यांच्या चौकोनी ठोकळ्यांसारखे आहेत. बाबा उभा लांब डबा, मुली छोटे डबे. वर टोकदार कान, खाली आखूड पाय, डोळ्यांभोवती गडद ठिपका. ब्लुई आणि बाबा निळे, आई आणि बिंगो तांबूस-केशरी. पडद्यावरचं चित्र थांबवून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवायचा मोह होतो. टाळा. गिरवलेली ब्लुई ताठ होते. दहा वेळा कच्ची काढा, अकरावी तुमची होईल.

तेलखडू वापरणार असाल तर लक्षात ठेवा, तो समोरच्या पानाला लागतो. रंगीत पेन्सिली किंवा जलरंग बरे. निळा आणि केशरी सोडून तिसरा एकच ठसठशीत रंग ठेवा आणि तो खेळाच्या वस्तूला द्या. आमच्या पुस्तकात लाल फक्त फुगा आहे. त्यामुळे मूल प्रत्येक पानावर आधी फुगा शोधतं.

अक्षर हातानं काढलं तर उत्तमच. छापायचं असेल तर मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेले 'बालू' आणि 'मुक्त' हे मोफत फाँट चांगले आहेत. 'बालू' गुबगुबीत आहे, लहानांना आवडतो. छापण्याआधी 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतायत ना ते बघा. 'लाल' शब्दात तो फरक लगेच दिसतो, आणि शिकणाऱ्या मुलानं आजीच्या हस्ताक्षरातला आणि पुस्तकातला 'ल' एकसारखाच पाहावा.

शिवण

स्टेपलरची पिन लहान मुलाच्या पुस्तकाला नको, टोक वर येतं आणि बोटाला लागतं. दोऱ्यानं शिवा.

चारही कागद आणि बाहेरून कार्डशीट असं एकात एक बसवून उघडं धरा. आतल्या घडीवर तीन खुणा करा: एक बरोबर मधे, दोन वरून आणि खालून चार-चार सेंटिमीटर सोडून. दाभणानं किंवा जाड सुईनं तिन्ही जागी आरपार भोकं पाडा. साधारण साठ सेंटिमीटर जाड दोरा घ्या, मेणबत्तीवर दोनदा ओढा म्हणजे सरकत नाही. आतून मधल्या भोकातून बाहेर या, आत आठ सेंटिमीटर शेपूट सोडा. बाहेरून वरच्या भोकातून आत. आतल्या आत मधलं भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर. बाहेरून परत मधल्या भोकातून आत. आता दोन टोकं हातात आली. मधे जो लांब दोरा आडवा गेलाय त्याच्या एका अंगाला एक टोक, दुसऱ्या अंगाला दुसरं, असं घेऊन त्यावरच घट्ट गाठ मारा. दोरा घडीच्या दिशेनं ओढा, आडवा ओढला तर कागद चिरतो.

पुस्तक मिटल्यावर आतले कागद थोडे बाहेर डोकावतात. पट्टी धरून कटरनं उघडी कड सरळ करा. म्हणूनच चित्रं आणि अक्षरं त्या कडेपासून दीड सेंटिमीटर आत ठेवायची.

वाचताना

मूल परदेशात असेल तर दोन प्रती करा, एक तिकडे, एक आपल्याकडे. कॉलवर दोघांच्या हातात तेच पान असतं आणि "सातवं उघड" म्हणता येतं. आकडे मराठीत म्हणायची सवय यातूनच लागली. पान मुलानं उलटायचं. ते उलटेपर्यंत आपण पुढचा शब्द बोलायचा नाही, कितीही वेळ जावो. मूल इंग्रजीत उत्तर देईल. चालेल, आपण मराठीत पुढे जायचं.

एक कायद्याची गोष्ट. पात्रं स्टुडिओच्या मालकीची आहेत. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52 मध्ये खाजगी वापराला सूट आहे. तुमचा मुक्काम दुसऱ्या देशात असेल तर तिथला कायदा वेगळा असतो. घरच्या मुलासाठी एक-दोन प्रती करणं वेगळं आणि शाळेच्या जत्रेत विकणं किंवा पीडीएफ ग्रुपवर टाकणं वेगळं. विकायचं असेल तर स्वतःची पात्रं करा. तोवर हात बसलेलाच असेल.

शेवटचं, सोळावं पान कोरं ठेवा. मी त्यावर फक्त वर लिहिते: "आता राज्य तुझ्यावर." फुग्याच्या पुस्तकात भाचीनं तिथे पंखा काढलाय, चार पात्यांचा, आणि शेजारी वाकड्या अक्षरात लिहिलंय: "बद कर बाबा". अनुस्वार राहिलाय. तो मी घातलेला नाही.